जीएफएक्सवर विमानातून फोटो : परवडेल अशी टेलिफोटो लेन्स कुठली घ्यावी?

रानवारा

नमस्कार मंडळी. मी सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. इथे सॅन फ्रान्सिस्को बेच्या दक्षिण टोकाला मिठागरं आहेत, सॅन होजे किंवा एसएफओला (सॅन फ्रान्सिस्को विमानतळ) उतरताना ज्यांनी खिडकीतून खाली बघितलंय त्यांना लगेच आठवतील. एक तळं हिरवं, त्याला लागून दुसरं नारिंगी, पलीकडचं थेट गुलाबी, आणि मधून बांधांच्या बारीक रेघा. पाणी आटत जातं तसा खारटपणा वाढतो आणि त्यात जगणारे जीव बदलतात, ड्युनालिएला नावाचं शेवाळ नारिंगी छटा आणतं आणि मीठ धरायला आलेल्या पाण्यात हॅलोआर्किया (अति खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव) वाढले की गुलाबी-लाल. २००३ साली इथली १५,१०० एकर मिठागरं कारगिल कंपनीकडून सरकारी खात्यांनी घेतली, आणि तेव्हापासून टप्प्याटप्प्याने बांध फोडून भरतीचं पाणी परत आत घ्यायचं काम चाललंय, म्हणजे दलदल परत येणार, पक्षी येणार. फार चांगलं काम आहे ते. पण त्यामुळे त्या भागातले हे रंग कमी होत जाणार, आणि ते जायच्या आत मला भिंतभर प्रिंट काढता येईल इतक्या तपशिलात टिपून ठेवायचेत, हे कित्येक दिवस डोक्यात आहे.

ड्रोन कृपया सुचवू नका. बराचसा भाग राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात येतो, तिथून ड्रोन उडवता येत नाही, शिवाय आजूबाजूला विमानतळच विमानतळ. त्यामुळे सेसना १७२ (चार सीटचं छोटं विमान) भाड्याने घ्यायचं, पायलट दुसरा कोणीतरी आणि मी फक्त फोटो काढणार असं ठरवलंय.

कॅमेरा सेकंडहँड घेतलेला फुजी जीएफएक्स ५०एस टू (मोठ्या सेन्सरचा, मीडियम फॉरमॅट), त्याच्याबरोबर आलेली ३५-७० मिमी किट लेन्स. ती वरून फारच वाइड पडणार हे उघड आहे. फुजीची स्वतःची २५० एफ/४ २०१८ साली आली तेव्हाच ३३०० डॉलरच्या घरात होती, तो विषयच नाही. माझं बजेट अडॅप्टर (दुसऱ्या कंपनीची लेन्स या बॉडीवर बसवायची कडी) धरून ४००, फार तर ५०० डॉलर, कारण विमानाचं भाडं तासावर आहे आणि मला एकदा नाही तर वेगवेगळ्या मोसमात जायचंय.

तर प्रश्न असे की किती मिलिमीटर पुरेल, २००, २५०, ३००? जुन्या फिल्मच्या जमान्यातल्या मामिया, पेंटॅक्सच्या मॅन्युअल लेन्सेस ५० मेगापिक्सेलला पुरतात का? ऑटोफोकस नसला तर विमानात पंचाईत होईल का? आणि एफ/२.८ वगैरे (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) मोठ्या अ‍ॅपर्चरची खरंच गरज आहे का, कारण किमतीत सगळा फरक तिथेच पडतोय. कोणी असलं काही केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

सह्यकडा

छान विषय काढलात. मी पुण्यात हवाई सर्व्हेच्या कामात आहे, आमचे कॅमेरे वेगळे असतात पण गणित तेच, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्याकडे लेन्स कुठली हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी उंची, मग जमिनीवरचा किती भाग एका फ्रेममध्ये पाहिजे, आणि मग लेन्स आपोआप निघते. तुमच्या सेन्सरची रुंदी ४३.८ मिमी. तर लेन्सची फोकल लेंग्थ म्हणजे ४३.८ गुणिले अंतर भागिले जमिनीवरची रुंदी, दोन्ही मीटरमध्ये धरायचं. समजा तुम्ही ६०० मीटर उंचीवर आहात आणि सरळ खाली न बघता तिरकं ४५ अंशात बघताय (सेसनाच्या खिडकीतून तसंच बघावं लागतं) तर अंतर ६०० नाही, साधारण ८५० मीटर होतं. आता २०० ची लेन्स लावली तर फ्रेमच्या मध्यावर जमिनीची १८५ मीटर रुंदी येईल. १५० ला २५० मीटर. १०० ला ३७० मीटर. ३०० लावली तर १२५ मीटर, म्हणजे अख्खं मिठागर सोडा, एक कोपरासुद्धा जेमतेम.

त्यामुळे लेन्स बघायच्या आधी गूगल अर्थ उघडा, त्यातली पट्टी घ्या आणि तुमच्या डोक्यात जी चित्रं आहेत ती प्रत्यक्षात किती मीटरची आहेत ते मोजा. दोन तळ्यांमधला बांध आणि दोन्ही बाजूचे रंग हवेत तर किती, नुसती ओहोळांची जाळी हवी तर किती. एक संध्याकाळ यात घालवलीत तर चुकीच्या लेन्सचे पैसे वाचतील.

आता दुसरी गोष्ट, जी लोक विसरतात. विमान पुढे जातंय. सत्तर नॉटला सेकंदाला ३६ मीटर. १/१००० शटरला विमान ३.६ सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा, २०० च्या लेन्सने ८५० मीटरवरून तो जमिनीवर सव्वादोन सेंटिमीटर व्यापतो. म्हणजे १/१००० ला दीड पिक्सेलभर घसरण झालीच, मग लेन्स तीन हजार डॉलरची असो की शंभरची. १/२००० ला एका पिक्सेलच्या आत येता. १०० ची लेन्स असेल तर १/१००० लाही एका पिक्सेलच्या आतच राहता. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हात हलल्यावर सावरतं, विमान पुढे गेलेलं त्याला सावरता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि हा शटर स्पीड मिळवायला एफ/२.८ लागत नाही. चांगल्या उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना हिशेब धरा, त्यावरून आयएसओ ४०० ला एफ/८ वर १/१६०० आणि एफ/५.६ वर १/३२०० मिळतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी होतील तर आयएसओ ८०० किंवा १६०० करा, या सेन्सरला ते काहीच नाही. वरून सगळंच लांब असतं, पार्श्वभूमी धूसर करायची नसते, मग मोठ्या अ‍ॅपर्चरचे पैसे कशाला भरायचे? तेवढ्या पैशात विमानाचा आणखी थोडा वेळ मिळतो आणि माझ्या मते फोटो त्याने जास्त सुधारतात.

एक राहिलं. इलेक्ट्रॉनिक शटर अजिबात वापरू नका, या सेन्सरचं वाचन फार सावकाश होतं, चालत्या विमानातून सरळ बांध तिरके येतील. मेकॅनिकल शटर १/४००० पर्यंत जातं, ते पुष्कळ झालं.

पंखाखाली

सह्यकडा यांनी ६०० मीटर धरलंय ते अगदी बरोबर निघालं, कारण इथे अभयारण्यावरून उडताना २००० फूट वर राहा असं एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) सांगणं असतं आणि नकाशावरही अभयारण्याची हद्द आखलेली असते. २००० फूट म्हणजे ६१० मीटर. खाली पक्ष्यांचे थवेच्या थवे असतात, ते उठले तर त्यांनाही त्रास आणि विमानालाही धोका, त्यामुळे मी तरी यात तडजोड करत नाही. म्हणून टेलिफोटोचा विचार योग्यच आहे रानवारा. खाली जाऊन वाइडने काढू म्हणणारे भेटतील तुम्हाला, त्यांचं ऐकू नका.

मी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून उडते, फोटोग्राफरांना घेऊन जाते, तर लेन्सचं नाही पण विमानाच्या बाजूने सांगते.

पहिलं म्हणजे खिडकी उघडणारं विमान मागा. बंद खिडकीचं प्लास्टिक ओरखड्यांनी भरलेलं असतं, त्यातून मीडियम फॉरमॅटने काढणं म्हणजे पैसे वाया. १७२ मध्ये डावीकडची खिडकी उघडते, काही विमानांत उजवीकडचीही उघडते, तुम्ही उजवीकडे बसणार असाल तर आधी फोन करून खात्री करा. खिडकीला एक छोटा दांडा असतो, त्यामुळे ती थोडीशीच उघडते. तो दांडा काढला की खिडकी वाऱ्याने वर पंखाला टेकून राहते आणि पूर्ण चौकट मोकळी मिळते. तो काढायचा की नाही हे विमानाच्या मालकाने ठरवायचं, आपण स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचं नाही.

दुसरं, लेन्स खिडकीच्या बाहेर काढायची नाही. चौकटीच्या आत दोन-चार बोटं ठेवा. बाहेर गेली की वारा असा झडप घालतो की कॅमेरा हातात स्थिर राहूच शकत नाही. लांब हूड काढून ठेवा. लेन्स कॅप, सैल फिल्टर, टोपी, मोबाईल, काहीही सुटं नको, सगळं बॅगेत चेन लावून. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि वरून सीटबेल्ट. हात किंवा लेन्स चौकटीवर टेकवू नका, इंजिनाची सगळी थरथर लेन्समध्ये उतरते, कोपर अंगाशी धरून शरीरानेच ती झेलायची.

यामुळेच जड लेन्सबद्दल माझं मत वाईट आहे. बसल्या जागी कमरेत वळून, वाऱ्यात, बॉडी धरून अडीच किलो सावरत राहिलं की अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि मग फोटोच्या चौकटी वाकड्या यायला लागतात. हलकी असेल ती घ्या.

टेलिफोटोचा एक फायदा कोणी सांगितला नाही. सेसनाला पंखाखाली तिरका दांडा असतो आणि खाली चाक, वाइड लेन्समध्ये ही दोन्ही सारखी मध्ये येतात. १५० च्या पुढे त्यांच्यामधली जागा सहज सापडते आणि पायलटने जरा पंख वर घेतला, नाक थोडं वळवलं की काम होतं.

पायलटबद्दल, पैसे देऊन उडवून घेणार असाल तर कमर्शियल लायसन्सवालाच पाहिजे. आणि खिडकी उघडली की हेडसेटच्या माइकमध्ये नुसता वारा ऐकू येतो, म्हणून जमिनीवर असतानाच खुणा ठरवून घ्या, परत फेरी, डावीकडे, सरळ, बास. अजून हळू घे, अजून पंख कलव असा आग्रह वर गेल्यावर करू नका. कमी वेगात जास्त वळण म्हणजे स्टॉलला (पंखांची उचल जाऊन विमान खाली पडणं) आमंत्रण असतं, तो नाही म्हणाला तर विषय संपला.

कोल्हापुरी रस्सा

वरचं सगळं पटलं पण मी प्राइम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंग्थच्या) लेन्सच्या विरोधात लिहिणार. विमानातून तुम्हाला दोन पावलं मागे जाता येत नाही हो. तळं समोर येतं, चौकट बसेपर्यंत निघून जातं, परत यायचं तर अख्खी फेरी मारायची, आणि मीटर चालूच. फुजीची १००-२०० एफ/५.६ झूम बघा. वजन एक किलोच्या थोडंसं वर, ऑटोफोकस, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, आणि सह्यकडांच्या हिशेबात १०० ते २०० हाच सगळा पल्ला आलाय. २०१९ साली आली तेव्हा नवी २००० डॉलर होती, सेकंडहँड त्याहून बरीच खाली मिळते, तरी तुमच्या बजेटच्या बाहेर जाणार हे मान्य. पण मग थोडं थांबून घ्या की. लेन्स काय एकदाच घ्यायची असते, आणि हीच लेन्स जमिनीवर डोंगर-दऱ्यांना पण चालेल.

एफ/५.६ आहे म्हणून लोक नाक मुरडतात पण वर दिलंच आहे की आयएसओ ४०० ला १/३२०० मिळतो. अजून काय पाहिजे?

रानवारा

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप खूप आभार. पंखाखाली ताई, खिडकीचं आणि खुणांचं माझ्या डोक्यातही नव्हतं. रस्साभाऊ, झूमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे पण आत्ता तेवढे पैसे लेन्सवर घातले तर विमानाला उरत नाहीत.

गूगल अर्थवर बसलो काल. ज्या चौकटी मनात होत्या त्या बहुतेक २०० ते ३५० मीटरच्या निघाल्या. म्हणजे ८५० मीटरवरून हिशेब केला तर १०५ ते १८५ मिमी. मी उगाच ३०० च्या मागे लागलो होतो. अगदी थोड्या चौकटी, ओहोळांच्या नक्षीच्या, १५० मीटरच्या आहेत.

आता जुन्या लेन्सेसबद्दल कोणीतरी बोला. मामिया ६४५ ची १५० एफ/३.५ आणि २१० एफ/४ दोन्ही इथे शंभर-दीडशे, फार तर दोनशे डॉलरच्या आसपास दिसतायत. पेंटॅक्स ६४५ ची १५० आणि २०० पण आहे. यात डावं-उजवं काय?

बोरा बाजार

इकडे बोलवलंत ते बरं झालं. मी मुंबईत जुन्या लेन्सेस उघडून साफ करतो, मामिया आणि पेंटॅक्स दोन्ही हातातून पुष्कळ गेल्यात.

आधी मनातली भीती काढा. या लेन्सेस ६४५ फिल्मसाठी बनवल्या, ती फ्रेम साधारण ५६ बाय ४१.५ मिमीची, तुमचा सेन्सर ४४ बाय ३३. म्हणजे लेन्सचा मधला, उत्तम भागच तुम्ही वापरताय, कोपरे खराब येण्याची जी जुनी तक्रार असते ती इथे बरीचशी गळून पडते. एफ/८ ला मामियाची १५० आणि २१० दोन्ही ५० मेगापिक्सेलला कमी पडत नाहीत. मोठ्या अ‍ॅपर्चरला बांधाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसेल, मिठाच्या पांढऱ्या काठावर तर नक्कीच. एफ/८ वर बरीचशी जाते, उरलेली सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमध्ये.

पेंटॅक्स ६४५ च्या ए आणि एफए दोन्ही मालिकांना अ‍ॅपर्चर रिंग आहे त्यामुळे त्याही चालतील. एफए म्हणजे ऑटोफोकसवाली, पण तुमच्या साध्या अडॅप्टरवर ती मॅन्युअलच राहणार, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि ऑटोफोकससाठी केलेल्या लेन्सची फोकस रिंग हाताला जरा सैल लागते, विमानात ती सरकण्याचा धोका जास्त. मामियाची रिंग घट्ट, जाड, मला ती या कामाला जास्त आवडते. पेंटॅक्स ६७ च्या लेन्सेस सुंदर आहेत पण जड, ताईंनी खांद्यांचं सांगितलंच आहे.

मामियाच्या लेन्सवर ए आणि एम असा एक छोटा खटका असतो. तो एम वर करा. नाहीतर अडॅप्टरवर अ‍ॅपर्चरची पाती उघडीच राहतात आणि रिंग एफ/८ वर असली तरी फोटो एफ/३.५ ला येतो.

आता खरी मेख, इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवरचा फोकस. वरून सगळं लांब आहे मग रिंग शेवटपर्यंत फिरवली की झालं असं वाटतं ना? तसं नाही. बहुतेक अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते. रिंग टोकाला टेकवून काढलेले फोटो मोबाईलवर ठीक दिसतात आणि प्रिंटला मऊ पडतात. यावर उपाय असा, की उडायच्या दिवशीच, बाहेरच्या हवेत लेन्स अर्धा तास राहू द्या, मग एक-दीड किलोमीटरवरची एखादी पाण्याची टाकी किंवा विजेचा मनोरा धरा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठं करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून रिंग पुढे-मागे करत सगळ्यात तीक्ष्ण जागा शोधा. तिथे रिंगवर कापडी टेप गुंडाळा, दोन वेढे. मग एफ/८ करा आणि अ‍ॅपर्चर रिंगलाही टेपचा छोटा तुकडा. वर गेल्यावर पहिले तीन-चार फोटो मोठे करून बघा आणि मगच पुढे जा. एवढं केलंत की ऑटोफोकसची आठवणही येणार नाही, उलट एकसारख्या पाण्यावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, तो त्रास वाचतो.

अडॅप्टर एकदम स्वस्तातला घेऊ नका. लेन्सला दीडशे आणि अडॅप्टरला वीस डॉलर असं लोक करतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात. लावून हाताने हळूच हलवून बघा, जरासुद्धा खुळखुळ नको. माउंट तिरका असला की एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी मऊ येते, लांबची सपाट भिंत किंवा इमारत घेऊन चारही कोपरे तपासा. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय सुरू करा, आणि अडॅप्टरच्या मेनूत फोकल लेंग्थ १५० भरा, नाहीतर स्टॅबिलायझेशनला किती सावरायचं हेच कळत नाही.

विकत घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून आत बघा. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती सोडून द्या. आणि सगळ्या काचेवर एकसारखा धुरकट थर दिसला तर तीही नको, तो थर कॉन्ट्रास्ट खातो, आणि वरून काढताना हवेतल्या धुक्यामुळे कॉन्ट्रास्ट आधीच कमी असतो, तिथे परवडत नाही.

१५० की २१०? तुमचे आकडे बघता १५० आधी. चौकट घट्ट हवी असेल तर कापा. १५० चा फोटो २१० इतका कापला तर ५१ मधले २६ मेगापिक्सेल उरतात, त्यातून मोठा प्रिंट आरामात निघतो.

जुनं रीळ

फिल्मवाल्यांचा एक शब्द. मी पेंटॅक्स ६७ वर २०० एफ/४ लावून काढतो. एकच गोष्ट सांगायची, १२० च्या रिळात दहा फोटो, त्यामुळे उडत्या विमानात रीळ बदलण्यातच वेळ जातो आणि शटर १/१००० च्या वर नाही. रानवारा यांच्याकडे डिजिटल आहे ते या कामाला सरस आहे, फिल्मचा मोह होऊ देऊ नका.

आणि जुन्या हवाई लेन्सेस शोधता शोधता कोडॅकची एरो-एक्टार, १७८ मिमी एफ/२.५, दिसेल. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून वापरायची. खरोखर हवाई फोटोग्राफीसाठीच केलेली आणि दिसायला जबरदस्त, पण तिच्या काचेत थोरियम आहे, ती किरणोत्सर्गी आहे, काळाबरोबर काच पिवळी पडते, शिवाय फोकस करायची रिंगच नाही. संग्रहात ठेवा, सेसनात नको.

सह्यकडा

बोरा बाजार यांचा इन्फिनिटीचा परिच्छेद कुठेतरी जपून ठेवा सगळ्यांनी. १५० लाच माझंही मत.

पोलरायझरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. पाण्यावरची चकाकी गेली की मिठागरांचे रंग खूप खुलतात, हे खरं. पण दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो, आणि विमान गोल फिरतंय म्हणजे सूर्याची बाजू सतत बदलतेय, दर वेळी फिल्टर फिरवायला लागतो. तेव्हा टेप लावलेली फोकस रिंग हलणार नाही याची काळजी घ्या. मी असतो तर एक फेरी फिल्टरशिवाय आणि एक फिल्टर लावून असं केलं असतं. बंद खिडकीतून तर नकोच, प्लास्टिकमध्ये इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात.

आणि अवांतर, तुमचे हॅलोआर्किया आपल्याकडेही आहेत. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून हेच कारण सांगितलं होतं. विवराचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. तिथे असं वरून काढायची फार इच्छा आहे, पण आपल्याकडे विमानातून फोटो काढायला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परवानगी लागते, त्या कागदपत्रांची तयारी हा वेगळा धागा होईल.

कोल्हापुरी रस्सा

बरं मी जरा मऊ होतो. विकत घेऊ नका, पण पहिल्या उड्डाणाला ती १००-२०० भाड्याने घ्या की. तुमच्याकडे अमेरिकेत लेन्स भाड्याने सहज मिळते. परत आल्यावर सगळ्या फोटोंचा एक्झिफ (फोटोबरोबर साठवलेली कॅमेरा-लेन्सची माहिती) बघा, कुठल्या मिलिमीटरला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगले फोटो आलेत ते कळेल, आणि मग तीच प्राइम घ्या. गूगल अर्थवर मोजलेलं एक आणि वर गेल्यावर डोळ्याला भावलेलं एक, यात फरक पडतो.

रानवारा

रस्साभाऊ, हे बेस्ट. हेच करतो. पहिल्या फेरीला झूम भाड्याने, आणि मामिया १५० एफ/३.५ तशीही घेतोय कारण किंमत अशी आहे की फार विचार करायला नको, बरोबर जरा चांगला अडॅप्टर. दोन्ही एकाच उड्डाणात नेतो, झूम आधी, मग शेवटच्या फेऱ्यांना मामिया टेप लावून. लेन्स हवेत बदलणार नाही, मित्राची दुसरी जीएफएक्स बॉडी मिळतेय, ती मामियासाठी. इकडे उन्हाळ्यात सकाळी समुद्राकडून ढग आत येतात आणि दुपारी हवा उकळते, त्यामुळे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर धरतोय, तेव्हा उन्हाळाभर पाणी आटून रंगही गडद झालेले असतात. वणव्यांचा धूर नसला म्हणजे झालं.

पंखाखाली ताई, तुम्ही स्वतः न्याल का? तुमच्याकडे कमर्शियल लायसन्स असेल आणि उजवीकडची खिडकी उघडणारं १७२ असेल तर मी तारखा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पंखाखाली

आहे लायसन्स. विमान मिळेल, उजवी खिडकी उघडणारं एक आहे इथे, मालकाला दांड्याचं विचारून ठेवते. दोन बॉडी आणणार असाल तर दुसरी मांडीवर नको, मागच्या सीटवर बॅगेत बेल्टने बांधून ठेवू, आणि बदलायची वेळ आली की मी विमान सरळ करून खिडकी बंद करायला सांगेन तेव्हाच बदलायची. जाड जाकीट आणा, २००० फुटांवर उघड्या खिडकीत बोटं गारठतात आणि मग शटर दाबलं का नाही ते कळत नाही. तुमच्या चौकटींच्या जागा गूगल अर्थवर खुणा करून मला आधी पाठवा, म्हणजे एसएफओ आणि सॅन होजेच्या हवाई हद्दीत कुठे कोणाला विचारावं लागेल ते बघून मी फेऱ्या आखते. सकाळी नऊच्या आत वर असू असं धरा.